ओळखीचा रकाना

आमची कंपनी आपल्यात घ्यायला पुण्याहून मंडळी आली होती. त्यांच्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत मला विचारलं, "मॅडम, तुमच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली?" मी आमच्या गिऱ्हाईक साखर कारखान्यांची यादी वाचून दाखवीन, निदान 'आमची माणसं' असं काहीतरी म्हणेन, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी म्हणाले, "ओळख नावाचा रकाना." साहेब हसले. त्यांच्याबरोबरचे दोघे हसले. माझा भागीदार प्रकाश साळवे तेवढा हसला नाही. त्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तीस वर्षं हा माणूस माझ्याबरोबर धंदा करतोय आणि अजून त्याला वाटतं, पायावर पाय दिला की मुमताज तांबोळी गप्प बसते.

तर हे लिहितेय ते त्या रकान्याबद्दल. कंपनी कशी निघाली नि मोठ्या कंपनीत कशी विलीन झाली, तेही ओघात येईलच. पण एकेक वर्ष मोजत बसायला माझ्याकडे धीर नाही, आणि वाचणाऱ्याकडेही नसावा.

कोपरगावात माझ्या अब्बांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. बारा मशीनं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत खडखडाट. बी.कॉम. झाल्यावर मी तिथंच शिकवायला लागले. मराठी टायपिंग मी कीबोर्डकडे न बघता करायचे. अख्ख्या तालुक्यात माझ्या वेगाला कुणी नव्हतं, आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. मग कॉम्प्युटर आले, पोरापोरींनी मशीनकडे पाठ फिरवली. शेजारच्या गाळ्यात प्रकाश टीव्ही दुरुस्त करायचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, हुशार, पण दिवसाला दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. त्यातलं एक वाक्य एकदा त्यानं माझ्यावर खर्च केलं. "ताई, मी कॉम्प्युटर जोडतो, तुम्ही त्यात मराठी चालवा." एवढ्यावर आमची कंपनी उभी राहिली.

नाव अब्बांनी दिलं, 'मुळाक्षर कॉम्प्युटर सर्व्हिसेस'. पाटी लागली त्याच आठवड्यात एक बाई चार वर्षांच्या मुलीची वेणीफणी करून, गळ्यात पाण्याची बाटली अडकवून तिला बालवाडीत घालायला घेऊन आली. ही बालवाडी नाही म्हटल्यावर माझ्यावरच उखडली. "मंग आसं नाव कशाला ठिवलं वो?" मी पोरीला बिस्किटाचा पुडा देऊन पाठवलं.

पहिलं मोठं काम मिळालं ते एका साखर कारखान्याचं. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक झाली ती त्यांची नव्हती, माझी होती.

ज्यांना ऊस फक्त रसवंतीत भेटतो त्यांच्यासाठी जरा सांगते. शेतकरी ऊस लावतो तेव्हा कारखान्याच्या शेतकी खात्यात नोंद करतो. नाव, गाव, जमिनीचा गट नंबर, उसाची जात आणि लागणीची तारीख. हंगाम सुरू झाला की या तारखांच्या क्रमाने तोडणी होते. ज्याची लागण आधी त्याला तोड आधी. तुमचा क्रम आला की चिठ्ठी निघते, ती घेऊन ऊसतोड टोळीचा मुकादम तुमच्या बांधावर येतो. क्रम हुकला तर ऊस रानात उभाच. त्याला तुरा येतो, आतून तो पोकळ व्हायला लागतो, आणि रान मोकळं होत नाही म्हणून पुढचं पीकही हुकतं. हा सगळा क्रम तेव्हा मोठमोठ्या रजिस्टरांत हाताने लिहिलेला असायचा. तो आम्ही कॉम्प्युटरात घेणार होतो.

त्या रजिस्टरांत दुबार नोंदी फार. एकच माणूस आधी गावाजवळच्या, कारखान्याच्या गट ऑफिसात नाव लिहून यायचा, मग धोका नको म्हणून मुख्य ऑफिसातही लिहायचा. एका उसाचे दोन क्रम. शेतकी अधिकारी या प्रकाराने वैतागले होते. मी म्हटलं, हात्तिच्या! नाव तेच, गाव तेच, गट नंबर तोच, लागण त्याच आठवड्यातली, मग एक नोंद ठेवायची नि दुसरी खोडायची. एका दुपारीत मी सगळी यादी साफ केली. अधिकाऱ्यांनी मला नि प्रकाशला बसवून चहा पाजला, माणसं बोलावून बोलावून यादी दाखवली. मी घरी गेले ती हवेतच.

जानेवारीत एक गृहस्थ ऑफिसात आले. पन्नाशीचे, टोपी, धुवट सदरा. पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावचे, नाव भाऊसाहेब किसन वाबळे. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"बाई, कारखान्याची यादी तुमीच छापता ना?"

"हो, आम्हीच."

"मंग बघा बरं, मी हाय का त्यात."

मी यादीत बोट ठेवून दाखवलं. "हे काय! भाऊसाहेब किसन वाबळे. तुमचा ऊस तर डिसेंबरातच तुटलाय."

"त्यो त्यो हाय," ते म्हणाले. "मी मी हाय."

मी आधी भांडले, खोटं कशाला सांगू? म्हटलं, तुमची दुबार नोंद असणार, तुम्ही लोक दोन-दोन ठिकाणी नावं लावता आणि मग आम्हाला ताप. ते शांतपणे ऐकून घेत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "आमच्या भावकीत किसन दोन हुते. दोघांच्याबी पोराचं नाव भाऊसाहेब. गट एकच हाय, हिस्सं येगळं. आमी दोघांनी बेनं एकाच दिशी आनलं, लागन एकाच हप्त्यात केली. त्याचा ऊस गेला. माझा ऊस रानात उभा हाय, मी तुमच्या म्होरं उभा हाय, आन् कागदात न्हाई. मंग मी हाय का न्हाई, येवढं सांगा."

मी लुना काढली नि त्यांच्या मागोमाग त्यांच्या रानात गेले. बांधाच्या अलीकडे दुसऱ्या भाऊसाहेबांचं रान, त्यात गहू चांगला वीतभर आलेला. बांधाच्या पलीकडे यांचा ऊस, आणि सगळ्या उसाला तुरा. मी त्यांना विचारलं, "मग गावात तुम्हा दोघांना ओळखतात कसं?" त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "त्यात काय? मला चिंचेचा भाऊसाहेब म्हनत्यात, त्याला इहिरीचा. माझ्या बांधावर चिंच हाय न्हवं!" गावातल्या लहान पोरालाही जे ठाऊक होतं ते माझ्या मशीनला ठाऊक नव्हतं, आणि मी त्या मशीनच्या जिवावर मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यांपुढे जाऊन सरळ सांगितलं की चूक माझी. त्यांनी खास क्रम लावून दिला, पण टोळ्या गुंतलेल्या. भाऊसाहेबांचा ऊस तुटला तो हंगामाच्या शेपटाला. वजन भरलं नाही, गहू गेला. मी माफी मागितली तेव्हा ते "व्हतं आसं" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही नाव आणि गट नंबर यांच्या मधे एक नवा रकाना घातला. त्याला नाव दिलं 'ओळख'. पहिल्या दोन नोंदी मी स्वतः केल्या, 'चिंचेचे' आणि 'विहिरीचे'. बाकीचा रकाना गावोगावच्या गट ऑफिसांनी भरून पाठवायचा असं ठरलं, आणि मग जी काय मजा सुरू झाली! चष्मेवाले, मिल्ट्रीवाले, टाकीजवळचे, दोन बैलगाड्यांचे. एका गावात तिघे 'रेडिओवाले' निघाले, तिथं पुन्हा मोठा रेडिओ, छोटा रेडिओ आणि बंद रेडिओ असं लिहावं लागलं. एका पार्वतीबाईंच्या नावापुढे कुणा कारकुनानं 'भांडखोर' लिहिलं. ते नोंदीच्या पावतीवर छापून त्यांच्या हातात पडलं. दुसऱ्या दिवशी बाई पदर खोचून ऑफिसात हजर. "कोन म्हनतं मला भांडखोर? आना त्याला हितं! आत्ता आना!" अर्धा तास त्यांचं तोंड असं काही सुटलं की आमचे तीन ऑपरेटर मागच्या दारानं पसार झाले. त्या गेल्यावर मी पोट धरून हसले.

महिन्याभरानं मात्र माझं हसू पार उतरलं. एका गावाची यादी छापून होत होती आणि प्रकाश प्रिंटरपाशी उभा होता. त्यानं एकदम बटण बंद केलं. कागद माझ्यापुढे ठेवला, एका ओळीवर बोट ठेवलं. त्याच्या चुलत्यांचं नाव होतं, पावणेदोन एकर ऊस. ओळखीच्या रकान्यात त्यांच्या वस्तीचं जुनं नाव लिहिलेलं होतं, जातीवरून पडलेलं. प्रकाशच्या आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी ते नाव घराबाहेर टाकलं होतं. गावानं ते जपून ठेवलं होतं, आणि आता आमच्या प्रिंटरवर ते छापलं जात होतं.

"ताई," प्रकाश म्हणाला, "हा रकाना गावानं भरायचा नाही. ज्याचा त्यानं भरायचा."

मी म्हटलं, "अरे, एवढ्या माणसांना कोण विचारत फिरणार?"

"मी फिरतो. नाहीतर कंपनी तुम्ही एकट्याच चालवा."

मला स्वतःचीच शरम वाटली. पार्वतीबाईंच्या वेळी मी हसले होते, आणि ते 'भांडखोर'सुद्धा याच झाडाची फांदी. उरलेला सगळा उन्हाळा आम्ही दोघं आणि ऑफिसातली मंडळी गावागावांत फिरलो. एकच प्रश्न, "तुमच्या नावापुढे ओळख काय लावू?" कितीतरी माणसं गडबडून जायची, कारण हे त्यांना आयुष्यात कुणी विचारलेलं नव्हतं. प्रकाशच्या चुलत्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, 'वाचनालयवाले'. विहारात ते रोज सकाळी वर्तमानपत्र लावायचे. एका विधवा बाईंनी सांगितलं, "लिवा, एकटीनं इहीर खांदली ती." रकान्यात तेवढी जागा नव्हती. प्रकाशनं रकाना वाढवला. पार्वतीबाईंनी खूप विचार केला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भांडखोरच बरं हाय. कुनी नादी लागत न्हाई."

त्या पद्धतीवर आमचं नाव झालं. एका कारखान्याचे पाच झाले, मग दूध संघ आले, पारनेरकडच्या पतसंस्था आल्या, बाजार समित्या आल्या. अडतीस माणसं कामाला लागली. दुसऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर आमच्यापेक्षा देखणं असायचं, पण आमच्या यादीवरून कधी भांडण झालं नाही आणि कधी कुणाचा ऊस चुकून रानात उभा राहिला नाही. भाऊसाहेब दर हंगामाला यायचे. दारातूनच विचारायचे, "हाय का मी?" मी म्हणायचे, "आहात, बसा." चहा प्यायचे आणि जायचे. अडीअडचणीचं कधी एक अक्षर नाही.

मग काळ बदलला. कारखान्यांना मोबाईलवर सगळं हवं झालं, आकाशातून रानाचे फोटो हवे झाले. आमच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. प्रकाशची साखर वाढली, माझे गुडघे बोलायला लागले. पुण्याची ही कंपनी आली आणि म्हणाली, आमच्यात विलीन व्हा, तुमची सगळी माणसं घेतो. अडतीस घरांचा प्रश्न होता. मी 'हो' म्हटलं, आणि आजही म्हणते की बरोबर केलं. फक्त बैठकीत रकान्याचा विषय निघाला आणि सगळे हसले, ते माझ्या डोक्यात बसलं.

सह्या शुक्रवारी व्हायच्या होत्या. सोमवारी त्यांची मृण्मयी नावाची इंजिनिअर आमची सगळी माहिती त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून घेऊन आली. तिशीची, चुणचुणीत, कामाला वाघ. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मॅडम, तुमच्या डेटात किती दुबार नोंदी होत्या! नाव, गाव, गट आणि मोबाईल नंबर जुळला की आमचं सॉफ्टवेअर आपोआप एक काढून टाकतं. एका दुपारीत यादी साफ!"

मी विचारलं, "ओळखीचा रकाना कुठाय?" "तो घेतला नाही मॅडम. त्यात काहीही लिहिलंय. बंद रेडिओ वगैरे." मी पुणतांब्याकडची यादी उघडायला लावली. भाऊसाहेब किसन वाबळे, एक. फक्त एक. चिंचेच्या भाऊसाहेबांनी मोबाईल कधी घेतलाच नाही, दोघांच्या नावापुढे विहिरीच्या भाऊसाहेबांचाच नंबर होता. उरलेला हिस्सा विहिरीवाल्यांचा होता. पुन्हा तोच माणूस गेला होता, आणि हंगाम सुरू व्हायला महिना राहिला होता.

प्रकाशनं मला बाहेर नेलं. "ताई, चार दिवस कळ काढा. सह्या होऊ देत, मग आतून दुरुस्त करून घेऊ. आत्ता खोट काढली तर ते हात वर करतील. अडतीस जणं आहेत."

"प्रकाश, तू प्रिंटर बंद केला होतास तेव्हा किती जणं होती?"

"चार."

"मग आकडा वाढला म्हणून माणूस खोडायचा का?"

त्यानं मग खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "मी साहेबांना फोन करतो. तुम्ही त्या पोरीला रान दाखवा."

मृण्मयी बिचारी मागे लॅपटॉप घेऊन बसली. वाटेत मी तिला सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. तिनं यादी काढून पुन्हा ओळीओळीनं वाचायला घेतली. गावात पोचलो तर दोन्ही भाऊसाहेब एकाच ओट्यावर बसलेले. आता दोघेही ऐंशीच्या घरातले. मृण्मयीनं हातातल्या यादीवरून विचारलं, "भाऊसाहेब किसन वाबळे कोण?" दोघांनी एकदम हात वर केले. तिनं तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला. प्रकाशचा फोन आधीच पोचला होता. दहा मिनिटं ती एकटी बाजूला उभी राहून बोलत होती, आवाज चढवूनही बोलली. परत आली ती म्हणाली, "रकाना राहणार, मॅडम. साहेब करारातच लिहून देतायत. रिकामा ठेवता येणार नाही आणि ज्यानं त्यानं सांगितल्याशिवाय भरता येणार नाही." माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, मला रडू आलं.

"मग ह्यांच्यापासूनच सुरू करू," मृण्मयीनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला. "आजोबा, तुमची ओळख काय लिहू?"

"चिंचेचे," मीच म्हणाले. मला कुठं धीर?

भाऊसाहेबांनी मान हलवली. "चिंच कुटं ऱ्हायली आता? रस्ता रुंद केला त्यात गेली."

"मग काय लिहू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लिवा, तांबोळी बाईनं खोडलेला."

विहिरीचे भाऊसाहेब खो खो हसायला लागले. "आवो, आख्खा गाव ह्येला तसंच म्हनतो. लई वर्सं झाली. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. दर हंगामाला माझ्या ऑफिसात चहा पिऊन जाणाऱ्या माणसाला त्याच्या गावात या नावानं हाक मारत होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचे हात धरले. "बाबा, दुसरं काहीतरी सांगा ना. आता ही यादी पुण्याला जाईल. सगळे वाचतील."

"वाचू द्या की," ते म्हणाले. "ज्याचं त्यानं सांगायचं, आसं तुमीच म्हनला हुता. मी सांगितलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि थट्टाही नव्हती. मृण्मयीची बोटं कीबोर्डवर थांबली होती, ती माझ्याकडे बघत होती. मी तिला जरा सरकायला सांगितलं, चष्मा लावला आणि ते तीन शब्द स्वतः टाइप केले. भाऊसाहेबांनी वाकून पडद्यावर एकेक अक्षर वाचून घेतलं आणि मान डोलावली.

"आता सेव्ह कर," मी मृण्मयीला म्हटलं, "आणि हे कुणालाही खोडता येणार नाही असं कर. मलासुद्धा."